नेपरव्हिलला नेलेली ओवी

आईवर गाणं लिहून मी अमेरिकेला घेऊन गेलो आणि त्या गाण्यात आई घालायची राहून गेली.

माणूस चष्मा विसरतो, रक्तदाबाच्या गोळ्या विसरतो, तसं झालं. मी निवृत्त मराठीचा मास्तर. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात कुणाची एकसष्टी असो, कुणाची बदली असो, गौरवगीत माझंच असतं. एका तहसीलदारांना मी निरोपाच्या गाण्यात सूर्य, वटवृक्ष आणि गंगामाई असं सगळं एकदम करून टाकलं होतं. सवय झालेल्या हाताला आई म्हणजे काय अवघड? अकरा कडवी एका बैठकीत झाली. घडी पडू नये म्हणून कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि फोल्डर विमानभर मांडीवर धरून बसलो.

दुसरी चूक वर्षभर जुनी होती आणि ती फोल्डरमध्ये मावण्यासारखी नव्हती.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, “मधू, शकूला बोलाव.” शकू म्हणजे माझी थोरली बहीण, शकूताई. लग्नानंतर काही वर्षांनी ती अमेरिकेला गेली ती तिथलीच झाली. मी म्हटलं, “अगं, दिवाळीला येतेच आहे की.” दोन दिवसांनी आई पुन्हा तेच म्हणाली. मीही पुन्हा तेच म्हटलं. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला, “आई कशी आहे रे? तिकीट बदलून आधीचं घेऊ का?” मी मास्तरी आवाजात सांगितलं, “काही गरज नाही. ठणठणीत आहे. सावकाश ये.”

पाचव्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात असताना, आई गेली. ताईनं तिला शेवटचं बघितलं ते शेजाऱ्यानं धरलेल्या फोनवर, आणि तो फोनही निम्मा वेळ आडवा होता. ताई प्रत्यक्ष पोचली दहाव्याला. तोवर आईचा फोटो भिंतीवर गेला होता.

आईनं तिला बोलावलं होतं, हे मी ताईला सांगितलं नाही. तेव्हाही नाही, वर्षभरातही नाही. या उन्हाळ्यात तिच्या यजमानांची, म्हणजे दाजींची, बायपास झाली. ताईला निघता येईना. मी म्हटलं, वर्षश्राद्ध तुझ्याकडे करू, मीच येतो. गावात कुजबुज झाली, लेकीच्या घरी श्राद्ध? मी बाणेदारपणे म्हणालो, “मुलगा जिथं, श्राद्ध तिथं.” खरी गोष्ट एवढीच होती की जे सांगायचं ते फोनवर सांगायची हिंमत नव्हती. समोर बसून सांगू, असं ठरवलं होतं. गाणं ही त्याआधी द्यायची लाच होती.

नेपरव्हिल, पहिले दिवस

विमानतळावर अधिकाऱ्यानं माझ्या बॅगेतल्या पिठाच्या पिशवीकडे बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. श्राद्धाच्या दिवशी थालीपिठं करायला आणलेली भाजणी होती ती. मी खरं तेच बोललो, “फॉर मदर. शी इज डेड.” तो दोन पावलं मागे सरकला. भाजणी ही आई नसून आईसाठी आहे, हे पटवून देताना जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं संपलं.

बाहेर भाची अदिती गाडी घेऊन उभी होती. अदिती इथलीच जन्मलेली, कुत्र्यामांजरांची डॉक्टर. मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र गाडी इंग्रजीच्या रुळावर जाते.

“मामा, डिड यू स्लीप? की गाणंच लिहीत होता?”

“गाणं तयार आहे,” मी फोल्डर थोपटला.

शिकागोच्या पश्चिमेला तासाभरावर नेपरव्हिल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडं लाल, शेंदरी, पिवळी. अदिती म्हणाली, आणखी आठ-दहा दिवसांत सगळी उघडी होतील. जाताना इतकं नटायचं, ही रीत मला नवीन होती. आपल्याकडचं पान गुपचूप गळतं.

दार ताईनं उघडलं आणि माझ्या हातातली बॅग सुटली. एक हात चौकटीला, मान जराशी कलती, डोळे बारीक. मला वाटलं, आईच. अडुसष्टाव्या वर्षी ताई इतकी आईसारखी दिसायला लागेल याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. बॅग मागे उभ्या दाजींच्या पायावर पडली.

“काहून बाप्पा!” दाजी मूळचे नागपूरचे. “छातीचं झालं, आता पायाचंही ऑपरेशन करता काय?”

घर मोठं, उबदार आणि मुकं. गावाकडे आमच्या घराला लागूनच पिठाची गिरणी. दिवसभर भिंती थरथरतात, ताटात ठेवलेली वाटी आपोआप सरकते. इथे फ्रिज सुरू झाला तरी मी दचकायचो. जेवायला पिठलं-भाकरी होती, दाजींना उकडलेली ब्रोकोली. भाकरीला कडेनं चिरा गेलेल्या.

“पाकिटातलं पीठ,” ताई म्हणाली. “कधीचं दळलेलं कोण जाणे. विरी गेलीय त्याची, थापताना धरतच नाही. इतकी वर्षं झाली, मला इथे धड भाकरी जमलेली नाही.”

ती हे नेहमीच्या आवाजात बोलली. पण ताई पूर्वी तासभर सलग बोलायची, आणि आता एक वाक्य झालं की थांबून ताटाकडे बघायची.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी फोल्डर उघडला. घसा साफ केला.

पहाटेच्या प्रहरी, जात्याची घरघर
माझ्या माऊलीचा गं, हात चाले भरभर

सडा झाला, तुळस झाली, चुलीचा धूर झाला, लुगड्याचा पदर दोनदा झाला. माऊली प्रत्येक कडव्यात. शेवटच्या ओळीनंतर मी चष्मा काढून ठेवला. अशा वेळी ऐकणाऱ्यांना डोळे पुसायला उसंत द्यावी लागते. दाजींना डुलकी लागली होती. अदिती कामावर जाण्याआधी कॉफीला आली होती, ती म्हणाली, “इट्स ब्युटिफुल, मामा. बट... आजीचं तर मशीन होतं ना?”

ताई माझ्याकडे बघत होती.

“जातं कुठून आणलंस रे?”

“अगं, ओवी म्हटली की जातं आलंच.”

“आपल्या घरात जातं होतं ते मागच्या दाराशी. त्यावर बसून तू शाळेचे बूट घालायचास.”

बरोबर होतं. वडील गेले तेव्हा ताई तेरा वर्षांची आणि मी आठ. आई तेहतिशीची. भावकीनं गिरणी विकायचा सल्ला दिला, तेव्हा आईनं पदर खोचला, मोटारीचा खटका खाली ओढला आणि पुढची अडतीस वर्षं, गिरणी भाड्यानं चालवायला देईपर्यंत, तो पट्टा थांबू दिला नाही. सगळा गाव तिला गिरणीवाल्या काकू म्हणायचा. पंचक्रोशीतली जाती जिनं बंद पाडली, तिला मी जात्यावर बसवून अमेरिकेला आणलं होतं.

ताईनं कागद परत फोल्डरमध्ये घातला. “शनिवारी बारा-पंधरा घरं येणार आहेत. तिथी बुधवारी आहे, पण लोकांना ऑफिस असतं. त्यांच्यासमोर हे म्हणायचं नाही.”

ओढ्याकाठची गिरणी

बुधवारी, खऱ्या तिथीच्या दिवशी, अदितीनं सुट्टी टाकली आणि आम्हा दोघांना गाडीत घातलं. “घरी बसून दोघंही सॅड होणार. चला.” जवळच्या एका गावात ओढ्याकाठी दीडशे वर्षांपूर्वीची पाणचक्की जतन करून ठेवली आहे. जुनी जाणती माणसं हौसेनं येतात आणि पाहुण्यांसमोर मका दळून दाखवतात. गिरणी बघायला तिकीट काढायचं, या कल्पनेनंच आई हसून हसून खोकली असती.

दळणारा गृहस्थ पंचाहत्तरीचा, डोक्याला टोपी, पोटाला एप्रन. त्यानं दांडा ओढला. बाहेर चाक फिरलं, लाकडी दात एकमेकांत बसले आणि जमीन थरथरू लागली. ताईनं माझी बाही धरली. पन्हाळीतून पीठ यायला लागलं तसं त्या माणसानं चिमूटभर घेतलं, अंगठा तर्जनीवर फिरवला आणि डोळे मिटले.

आई असंच करायची. नेमकं असंच. दळण बारीक आहे का जाड, हे ती बघायची नाही, बोटांना विचारायची.

ताई तिथल्या पायरीवर बसली. आणि मी, लहानपणी करायचो तसा, दोरीच्या पलीकडे वाकून सरळ पन्हाळीखाली हात घातला.

“सर! नो!” त्यानं माझं मनगट धरलं. चक्की थांबली. शाळेच्या सहलीला आलेली वीसेक पोरं माझ्याकडे बघू लागली, त्यांची बाई त्यांना बहुधा हेच करू नका म्हणून सांगत असावी.

“माय मदर,” मी म्हणालो. “सेम. थर्टी एट इयर्स. इलेक्ट्रिक.”

त्यानं मनगट सोडलं. अदितीनं पुढे होऊन सगळं समजावलं, आज काय दिवस आहे तेही. म्हाताऱ्यानं टोपी काढली, ओंजळभर पीठ घेतलं आणि पायरीवर बसलेल्या ताईच्या हातात दिलं.

ताईनं अंगठा फिरवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, तशीच म्हणाली, “जाड येतंय. दगडाला टाकी लावायला झालीय, सांग त्यांना.”

टाकी लावणं म्हणजे झिजलेल्या दगडाच्या खाचा छिन्नीनं पुन्हा खोदणं. अदितीनं ते इंग्रजीत कसंबसं सांगितलं. म्हातारा थक्क. “शी इज राइट! सगळा सीझन कुणाला कळलं नाही!”

मग आम्ही ओढ्याच्या काठी बाकावर बसलो. अदिती कॉफी आणायला गेली. ताईच्या तळव्यावर अजून पीठ होतं, ती ते झटकत नव्हती.

“मधू, आई गिरणीत ओव्या म्हणायची, माहितीये तुला?”

“आई? मी तर कधी ऐकल्या नाहीत.”

“ऐकू कशा येतील? पट्टा चालू असायचा. नुसते ओठ हलायचे. मी समोर पीठ भरायला उभी. आधी वाटायचं, हिशेब करतेय. मग ओठ वाचायला लागले. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात ना, एकीनं एक ओवी म्हटली की दुसरीनं पुढची जोडायची. तसं. ती एक म्हणायची, मी एक. आवाज दोघींचाही नाही. तू तिथेच वजनकाट्यापाशी बसून गोष्टीची पुस्तकं वाचायचास.”

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“तू विचारलं नाहीस.” ती ओढ्याकडे बघत राहिली. “माझं लग्न झालं. त्यानंतर ती म्हणत असेल का रे? म्हटली तरी पुढची ओवी कोण देणार होतं तिला?”

हीच वेळ होती. वर्षभर मी हिचीच वाट बघत होतो. मी तोंड उघडलं. समोरून करड्या पाखरांचा एक थवा चालत चालत आमच्याकडे येत होता.

“केवढी मोठी बदकं आहेत गं!” मी म्हणालो.

“गीझ, मामा,” कॉफीचे कप घेऊन आलेली अदिती म्हणाली. “दे बाइट.”

त्यातल्या एकानं लगेच माझ्या पँटला चोच मारली. मला ते योग्यच वाटलं.

नवी ओवी

शुक्रवारी ताई पुरणाला डाळ शिजवत होती आणि मी स्वयंपाकघरातल्या उंच खुर्चीवर पाय लोंबकळत बसून नवं गाणं लिहीत होतो. ओळ म्हटली की ताई पळीनंच निकाल द्यायची.

“माऊली काढ.”

“छंदात बसतं गं.”

“ती कुठे बसायची? दिवसभर उभी असायची. आई म्हण.”

दुपारपर्यंत दोन ओव्या झाल्या. निम्म्याहून अधिक ताईच्या, पण लेखणी माझ्या हातात असल्यामुळे मी स्वतःला कवी समजत राहिलो. ठरलं असं की ओवी मी म्हणायची आणि पुढची ताईनं द्यायची, आईच्या गिरणीतल्या रीतीनं. ताई जिना चढून वर गेल्यावर मी कागद उलटा केला आणि तिसरी ओवी एकट्यानं लिहिली. समोर बसून सांगणं मला जमत नव्हतं, हे ओढ्याकाठी सिद्ध झालं होतं. गाण्यातून मात्र मी तहसीलदारांनाही काहीबाही सांगितलेलं होतं.

शनिवार

सकाळी गुरुजी आले. आठवडाभर संगणकावर काम, शनिवार-रविवार पौरोहित्य. धोतर गाडीतून उतरल्यावर गॅरेजमध्ये नेसले. पिंडदान झालं. त्या एका तासात मी मंत्र सोडून काही चुकीचं बोललो नाही. ताई माझ्यामागे बसून होती. गावी दहाव्याला ती गर्दीत कुठेतरी मागे उभी होती, हे मला तेव्हा आठवलं.

मग माणसं जमली. तळघरात गालिचा, घडीच्या खुर्च्या, आईचा फोटो, त्याच्याखाली ताटात थालीपीठ. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे, सगळे एकमेकांच्या आईवडिलांचे दिवस असेच शनिवारी पाळणारे. कुणी कुणाला सांत्वनाचं काही बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या घरी असा एक फोन येऊन गेलेला होता.

मी आणि ताई समोरासमोर बसलो. मी सुरू केलं.

डब्यांची लागे रांग, उन्हाच्या गं तिरिपीत
केस पिठानं पांढरे, आईचे ऐन तिशीत

ताईनं दिली:

पट्टा फिरे गरागरा, आवाज गावभर
आईचे हलती ओठ, ओवी राही ओठांवर

तिचा आवाज इतका बारीक की लोक पुढे वाकले. इथे गाणं संपायचं होतं. तिनं हात जोडायला घेतले. मी कागद उलटा केला. अक्षरं दिसेनात. पण पाठ होती.

दसरा झाला तसं, आई म्हणे शकू आण
मी म्हटलं थांब जरा, जवळ आला दिवाळसण

सूर पार गेला. शेवटचा शब्द मी म्हटला की नुसता श्वास टाकला, आठवत नाही. ताईचे हात अर्ध्यावर थांबले होते. ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, ओठांकडे बघत होती. मग काही न शोधता, जणू ती ओवी वर्षभर तिच्याजवळ तयार असावी तशी, ती म्हणाली:

आईचा आला फोन, म्हणे बाई निघून ये
भावाला मी विचारलं, तो म्हणे सावकाश ये

मागच्या रांगेतून टाळी आली. पुण्याचा एक तरुण फोनवर सगळं टिपत होता. “काका, एकदम इमोशनल! वन्स मोअर प्लीज!”

दाजी उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. अदिती हळूच म्हणाली, “आई, इज दॅट ट्रू?”

“जेवायला चला सगळे,” ताई म्हणाली. “पुरणपोळ्या गार होतात.”

सगळे गेल्यावर ती ताटं विसळत होती आणि मी पुसत होतो. 

“आईनं तुला फोन केला होता?” मी विचारलं.

“दळायला आलेल्या कुणा बाईच्या फोनवरून. गिरणीच्या आवाजानं कान गेलेले, ऐकू तर येत नव्हतं तिला. मी इकडून ओरडतेय, काय झालं, काय झालं. ती आपली ‘ये’ म्हणाली आणि फोन देऊन टाकला. म्हणून तर तुला विचारलं, तिकीट बदलू का.”

“आणि मी म्हणालो, ठणठणीत आहे.”

“हो.”

“ताई, माझीच...”

“गप्प बस.” तिनं नळ बंद केला. “मला तेच ऐकायचं होतं, मधू. अदितीच्या घराचं काम चाललेलं, माझे गुडघे दुखत होते, दिवाळीची बॅग अर्धी भरलेली. तू सावकाश ये म्हणालास आणि मला हायसं वाटलं. आई ये म्हणाली होती, तरी मला हायसं वाटलं. ते मी कुणाला सांगू? तू उठून गाण्यात सगळी चूक स्वतःच्या नावावर लावलीस. लहानपणापासून तसाच. गाणं तुझं, रडणं तुझं, चूकही तुझीच.”

मी एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिलो. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

परत

निघायच्या दिवशी झाडं खरोखरच उघडी झाली होती. फोल्डर मी ताईकडे ठेवला. जुनं गाणं त्यातच होतं, तिनं ते फेकू दिलं नाही. म्हणाली, राहू दे, हसायला बरं.

विमानतळावर अदिती गाडी लावायला गेली. ताई एक हात माझ्या सामानाच्या ढकलगाडीवर ठेवून उभी होती, मान कलती. आता ती अडुसष्टाची, मी त्रेसष्टाचा, मध्ये एवढा समुद्र. पुढची ओवी म्हणायला आता आम्ही दोघंच.

“ताई, रागावलीस?”

“रागावलेय,” ती म्हणाली. “तुझ्यावर आणि माझ्यावर. जाणार नाही तो.”

मी मान हलवली. बोलायला गेलो, पण तिनं हात वर केला.

“आणि ऐक. मी ‘ये’ म्हटलं की निघायचं. तुझी अक्कल मध्ये घालायची नाही.”